सुरगाण्याच्या रानातील रंगीत पेले

आषाढ-श्रावणात सुरगाण्याच्या रानात कुजत पडलेली फांदी उलटून पाहिली, तर तिच्यावर कधी कधी नखाएवढे गुलाबी-नारिंगी पेले दिसतात. बारीक देठ, वर वाटी आणि वाटीत पावसाचे पाणी. अळंबीची छत्री सर्वांच्या परिचयाची. पण ही वाटीही कवकच, यावर आमच्या कलाशाखेच्या मंडळींचा चटकन विश्वास बसत नाही!

परदेशी पुस्तकातील चित्राशी रंग जुळला, की पुष्कळजण तिला ‘सार्कोसिफा’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते घाई होते ती येथेच. ती प्रसिद्ध शेंदरी वाटी थंड देशांतली, हिवाळ्याच्या अखेरीस उगवणारी. आपल्या उष्ण, पावसाळी रानात भेटते ती बहुधा ‘कुकीना’. इंग्रज कवकशास्त्रज्ञ मॉर्डेकाय क्यूबिट कुक (१८२५–१९१४) यांच्यावरून हे नाव ओटो कुंट्झे यांनी १८९१ मध्ये दिले.

रंगापेक्षा भिंग अधिक खरे बोलते. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर लांब, राठ केस असले तर ती कुकीना ट्रायकोलोमा. केस अगदी आखूड आणि काठापाशीच असले तर कुकीना स्पेसिओझा, जिला जुन्या ग्रंथांत सल्सिपेस म्हटले आहे. देठच नाही, तांबडी चकती लाकडाला चिकटलेली आणि कडेला पापण्यांसारखे काळपट केस, तर ती स्कुटेलिनिया. वाटीत मसुरीसारखे दाणे दिसले तर तो सायथस. आकार पेल्याचा असला तरी त्याचे गोत अळंबीचे. शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. कुकीनाच्या आतल्या थरात ॲस्कस नावाच्या लांबट पिशव्या असतात व प्रत्येकीत आठ बीजाणू. अळंबीचे बीजाणू असे पिशवीत नसतात, दांडीच्या टोकावर बाहेर येतात.

रंग भडक म्हणजे विषारी, हा समजही टिकत नाही. जगात सर्वाधिक बळी घेणारी ‘डेथ कॅप’ फिकट हिरवट असते. आपल्याकडची क्लोरोफायलम पांढरी, साधी दिसते आणि पोट बिघडवते. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी खुडणाऱ्या घरांना हा फरक जिव्हाळ्याचा आहे. जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कोणतेही कवक तोंडात घालू नये.

वाळल्यावर पेल्याचा रंग उडतो. म्हणून रंग, केस, देठाची लांबी व लाकडाचा प्रकार रानातच वहीत टिपावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रह आहे. तज्ज्ञांना दाखवायचा नमुना कागदी पाकिटात न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि लवकरच कुजतो.