ठंडाईतली भांग आणि गाडीची चावी

रंगपंचमी जवळ आली, म्हणून या आठवड्याचा पाठ मुद्दाम हा घेत आहोत.

इंदूरला राजवाड्याची गेर बघून मंडळी कुणाकडे तरी जमतात आणि ठंडाई होते. दारूला कधी हात न लावणारेसुद्धा "हा तर शिवाचा प्रसाद" म्हणत भांगेचा पेला घेतात. परवान्याच्या दुकानात मिळते, मग भीती कसली!

मागच्या वर्षी आमच्याच घरी घडलं. पेला घेऊन पाऊण तास झाला, भाचा म्हणाला, "मामी, मला काहीच झालं नाही." लेकीला पुढे उभं करून त्याने स्कूटर काढली. दुसऱ्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी हा तसाच उभा. मागचे हॉर्न वाजवतायत, याला वाटतंय आत्ताच तर थांबलो. शेवटी लेकीनेच बाबांना हलवलं. आम्हाला हे चार दिवसांनी कळलं.

असं का झालं? दारू रक्तात लवकर उतरते, अर्ध्या-एक तासात जाणवते. पोटात गेलेली भांग मात्र पचनातून, यकृतातून फिरून येते. तिचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात आणि मग तो सहा-आठ तास, कधी जास्तही राहतो. म्हणजे "काहीच झालं नाही" म्हणतो तेव्हा चढायला सुरुवातच झालेली नसते. त्यावर काहीजण दुसरा पेला घेतात!

दारू माणसाला धीट करते. वेग वाढतो, अंतराचा अंदाज चुकतो. भांग घेतलेला उलट सावकाश चालवतो, म्हणून त्याला वाटतं आपण सांभाळतोय. पण गाडी सरळ राहत नाही, ब्रेक उशिरा लागतो, सिग्नल आणि मधेच आलेली गाय दोन्हींकडे एकदम लक्ष जात नाही. भांगेवर बिअर घेतली, तर ती सावकाशीही जाते. हे सगळ्यांत वाईट.

फुंकायच्या यंत्रात भांग दिसत नाही, असं घरातले पुरुष हसून सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवणंही त्याच कलमात येतं. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लिंबू, ताक, गार पाण्याची आंघोळ, यांनी काही उतरत नाही. वेळच जावा लागतो.

यंदा आमच्याकडे बदाम, बडीशेप, मिऱ्यांची साधी ठंडाई आहे. ज्यांच्याकडे भांगेची होईल, त्यांनी भांडं वेगळं ठेवावं, मुलांच्या हाती लागू देऊ नये. पेला देण्याआधी चावी मागून घ्यावी आणि दुपारीच चार गाद्या काढून ठेवाव्यात.