शून्य क्रमाचा शोध

२३ जुलै १९९९ रोजी अवकाशात सोडण्यात आलेल्या क्ष-किरण वेधशाळेला खगोलभौतिकीविज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ ‘चंद्रा’ हे नाव देण्यात आले. तिच्या आरशांमागे अतिसूक्ष्म सोनेरी पट्ट्यांची विवर्तन जालके किरणमार्गात आणता येतात. जालकातून काही क्ष-किरण न वळता सरळ जातात व अभिज्ञातकावर ताऱ्याचे प्रतिबिंब उमटवितात. यास शून्य क्रमाचे प्रतिबिंब म्हणतात. इतर किरण आपापल्या तरंगलांबीनुसार त्याच्या दोन्ही बाजूंना वळतात. जालके दोन प्रकारची असून परस्परांशी किंचित कललेली असतात. म्हणून वर्णपटाच्या चार भुजा चपट्या फुलीसारख्या दिसतात.

फोटॉनची तरंगलांबी शून्य क्रमापासूनच्या त्याच्या अंतरावरून ठरते. हा आरंभबिंदूच चुकला तर पुढील सर्व मोजमाप चुकते. ब्रह्महृदय या ताऱ्याचे उदाहरण घेऊ. सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ठळक रेषा त्याच्या वर्णपटात १५.०१ अँगस्ट्रॉमला आढळते. मध्यम ऊर्जेच्या जालकात अभिज्ञातकाचा एक चौकोन सुमारे ०.०११ अँगस्ट्रॉम व्यापतो. एका चौकोनाच्या चुकीमुळे तेथील वायू सेकंदास सुमारे २२० किलोमीटर वेगाने धावत असल्याचा आभास होईल!

हा बिंदू शोधण्यासाठी ‘चाओ’ नावाचा आज्ञावलींचा संच वापरतात. संगणकावर ‘टीजीडिटेक्ट’ ही आज्ञा टंकलिखित करून तिला फोटॉनांच्या नोंदींची फाइल पुरविली जाते. प्रतिमेवरून एक लहान चौकट सरकवून तिच्यातील फोटॉनांची संख्या भोवतालच्या पार्श्वभूमीशी ताडून पाहिली जाते. संख्या लक्षणीय अधिक भरल्यास तेथे उगम असल्याचे मानून त्याचे स्थान यादीत नोंदले जाते. त्यानंतर दुसरी आज्ञा भुजांच्या सीमा आखते आणि तिसरी प्रत्येक फोटॉनला तरंगलांबी देते.

तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत मात्र अडचण येते. सुमारे ३.२ सेकंदांच्या एका नोंदीत एकाच जागी अनेक फोटॉन पडल्यास ते वेगळे मोजले जात नाहीत; काही तर बाद ठरतात. त्यामुळे जेथे तेज सर्वाधिक तेथेच प्रतिमेत पोकळी दिसते व यंत्राने दिलेले स्थान ढळू शकते. अशा वेळी अभिज्ञातकाचे वाचन चालू असताना पडलेल्या फोटॉनांची सरळ रेघ उपयोगी पडते. ही रेघ आणि मध्यम ऊर्जेच्या जालकाची भुजा जेथे परस्परांना छेदतात, तेथे शून्य क्रम मानला जातो.

उत्तराची पडताळणी अखेरीस अभ्यासकानेच करावयाची असते. रेषा खऱ्या गतीमुळे सरकली असेल, तर दोन्ही बाजूंच्या भुजांत तिची तरंगलांबी सारखीच वाढते किंवा सारखीच घटते. एका बाजूस ती वाढलेली व दुसऱ्या बाजूस घटलेली आढळल्यास दोष ताऱ्याकडे नसून आरंभबिंदूकडे आहे, असे समजावे व योग्य स्थान देऊन आज्ञा पुन्हा चालवावी.