क्लास लावावा, की घरी बसून अभ्यास?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. इंदुरीहून तळेगावला क्लासला जाते, जाण्या-येण्यात संध्याकाळ संपते. तरी गणितात गुण वाढत नाहीत. क्लास बदलावा का?
– एक पालक, इंदुरी

उत्तर : ताई, बदलण्याआधी एक करून पाहा. आज क्लासमध्ये सोडवलेलं गणित रात्री कोऱ्या कागदावर, वहीत न डोकावता, तिला सोडवायला सांगा. बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडतात. फळ्यावर समजलेलं आणि स्वतःला येणारं, यांत एवढं अंतर असतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून वारंवार आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे 61 टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या 40. म्हणून वही वाचत बसल्यावर ‘येतंय की’ वाटतं, आणि पेपरात घात होतो.

क्लास वाईट, असं मी म्हणणार नाही. सातवी-आठवीचं बीजगणितच कच्चं असेल, तर समोर बसून शिकवणारं माणूस हवंच. पण साठ मुलांच्या बॅचमध्ये ते मिळत नाही. तेवढ्या एका विषयाला, दोन-तीन महिने शिकवणी लावा. बाकी दिवशी संध्याकाळ तिची तिला द्या. भंडारा डोंगर तुमच्या दारातच आहे. तुकोबा एकांतात चिंतनाला तिथे जात; तसा एकांत तिलाही अभ्यासाला मिळू द्या. चुकलेली गणितं वेगळ्या वहीत उतरवून चार दिवसांनी पुन्हा सोडवू दे. पहिले पंधरा दिवस कंटाळेल, चिडेल. तेव्हा उत्तर सांगायला धावू नका.