थकलेल्या घोड्याचे ऋण

महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवसाचे वर्णन आहे. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पूर्ण झाली नाही, तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावयाचा होता. एकेक घटका मोलाची होती. तथापि रथाचे घोडे बाणांनी विद्ध आणि श्रमाने व्याकुळ झालेले पाहून रथ भर रणांगणात थांबविण्यात आला. अर्जुनाने खाली उतरून एकट्याने शत्रूंना थोपविले, बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण केला आणि बाणांचाच निवारा उभारला. भगवान श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगांत रुतलेले बाण स्वतःच्या हातांनी काढले, त्यांचे अंग चोळले, त्यांना लोळू दिले, पाणी पाजले, चारा घातला आणि त्यांचा शीण गेल्यावरच त्यांना पुन्हा रथास जुंपले.

ज्या सारथ्याने तेरा दिवसांपूर्वी अर्जुनाला गीतोपदेश केला, त्यानेच ही घोड्यांची सेवा केली, हे गीतेच्या अभ्यासकाने विसरू नये. त्या वेळी घोड्यांकडे दुर्लक्ष करण्यास अर्जुनापाशी जेवढे सबळ कारण होते, तेवढे तुम्हां-आम्हांपाशी क्वचितच असते. तरीही रथ थांबला. ज्याच्या हाती लगाम आहे, त्याच्याकडेच त्या प्राण्याच्या वेदनेचे उत्तरदायित्व येते, हा या प्रसंगाचा बोध होय. परंतु काम संपल्यावर, प्राणी म्हातारा झाल्यावर आणि त्याचा काहीच उपयोग उरला नसताना हे उत्तरदायित्व कोणी पत्करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, अशा काही माणसांचा विचार या पाठात करावयाचा आहे.

एक चरित्र

पहिल्या महायुद्धात ईजिप्त व पॅलेस्टाइन या प्रदेशांत घोडदळाच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेणारे जोधपूर व म्हैसूर संस्थानांचे स्वार त्याच मोहिमेत होते. युद्ध संपले आणि सैन्याला नकोसे झालेले घोडे मायदेशी नेण्याऐवजी तेथेच विकून टाकण्यात आले. कैरो शहरात कष्टाच्या कामी लागलेल्या अशा घोड्यांची संख्या सुमारे २०,००० सांगितली जाते.

इ. स. १९३० मध्ये श्रीमती डोरोथी ब्रुक आपल्या पतीसह कैरोला आल्या. त्यांचे पती तेथील ब्रिटिश घोडदळाचे अधिकारी होते. युद्ध संपून बारा वर्षे लोटली होती. श्रीमती ब्रुक यांनी त्या घोड्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांना हाडांचे सापळे झालेले, लंगडे, कित्येक आंधळे झालेले आणि तरीही दगड-मातीच्या गाड्या ओढणारे वृद्ध प्राणी दिसले. सैन्याने डागलेली खूण त्यांच्या अंगावर अजून होती. १९३१ साली त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रास पत्र लिहिले. ज्या प्राण्यांनी आपल्या देशासाठी युद्ध केले, त्यांची ही अवस्था देशवासीयांना मान्य आहे काय, असा त्या पत्राचा आशय होता. लोकांनी मदत पाठविली, एक समिती स्थापन झाली आणि पुढील तीन-चार वर्षांत सुमारे ५,००० घोडे मालकांकडून विकत घेण्यात आले.

त्यांपैकी बहुतेक घोडे बरे होण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांना काही काळ विसावा, पोटभर चारा आणि मऊ अंथरूण देऊन नंतर वेदनारहित मरण देण्यात आले. पायाखाली भुसभुशीत तूस लागताच ते प्राणी अविश्वासाने थबकत आणि मान खाली घालून हुंगून पाहत, अशी नोंद श्रीमती ब्रुक यांच्या रोजनिशीत आहे. १९३४ साली त्यांनी कैरोत घोड्यांचे व गाढवांचे कायमचे रुग्णालय स्थापन केले आणि शहरातील कष्टकरी जनावरांवर तेथे विनामूल्य उपचार होऊ लागले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था आज भारतासह अनेक देशांत हे कार्य करीत आहे.

आश्रयस्थानातील नित्यकर्म

घोड्यांचे आश्रयस्थान चालविणे म्हणजे कुरणात चरणारे घोडे समाधानाने पाहत बसणे, अशी कोणाची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. एका घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते. त्याच्या वजनाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढी कोरडी वैरण त्याला रोज लागते, म्हणजे ४०० किलो वजनाच्या घोड्यास सुमारे ८ किलो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून त्याचे खूर तासून घ्यावे लागतात. त्याच्या दाढा झिजतात तशा हिरडीतून वर सरकत राहतात. त्यांच्या कडांना धार आली की घास चावता येत नाही, म्हणून त्या कानशीने घासाव्या लागतात. घोड्याला उलटी होत नाही. म्हणून पोटशूळ उठला की रात्र असो वा पाऊस, पशुवैद्याला बोलवावेच लागते. सांभाळ नीट झाला तर घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे पंधरा वर्षांचा थकलेला घोडा ज्याने आज आश्रयास घेतला, त्याने कदाचित आणखी पंधरा वर्षांचे व्रत घेतले.

उपाशी घोडा आश्रयास आला की त्याच्यापुढे चंदीचा भरलेला तोबरा ठेवावा, अशी ऊर्मी दयाळू माणसाच्या मनात साहजिकच येते. परंतु अशा घोड्याला एकदम भरपूर खुराक दिला, तर त्याचा प्राण जाण्याचाही संभव असतो. वैरण थोडी थोडी, अनेक वेळा आणि कित्येक दिवस वाढवीत न्यावी लागते. येथे दयेला ज्ञानाची जोड लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल व पात्र पाहून प्रत्युपकाराची अपेक्षा न धरता दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ तबेल्यात असा प्रत्ययास येतो. घोडा आभार मानीत नाही. बरा झाल्यावर लाथही मारतो. सेवकाने दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खरारा हाती घ्यावयाचाच असतो.

शंका आणि समाधान

येथे वाचकांच्या मनात एक गंभीर शंका उपस्थित होईल. विकत घेतलेल्या हजारो घोड्यांना मरण देणे ही दया कशी म्हणावी? आपल्याकडे पांजरपोळांची जुनी परंपरा आहे. मुंबईतील पांजरपोळ १८३४ सालापासूनचा आहे. जनावर नैसर्गिक मरणाने जाईपर्यंत त्याला पोसावे, हा तेथील धर्म. मग या दोहोंत योग्य मार्ग कोणता?

ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही, आणि तिचे एका वाक्यात समाधानही होणार नाही. प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशातील १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, ज्या जनावराला जिवंत ठेवणे हेच क्रूर ठरेल, त्याला मरण देण्याची अनुज्ञा देतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसांनाही होतो. तो निश्चित झाल्यास त्या घोड्याला कायद्यानुसार मारावेच लागते. याच्या उलट, केवळ म्हातारपण, लंगडेपण किंवा खर्च ही मरण देण्याची कारणे होऊ शकत नाहीत.

आता अंतःकरणाकडे पाहू. दोन्ही मार्गांत स्वार्थ शिरू शकतो. खर्च वाचावा म्हणून मरण देणारा त्या कृत्यास दया म्हणेल. आपल्या हातून पाप घडू नये एवढ्याच विचाराने, वेदनेने तडफडणाऱ्या प्राण्याला औषधावाचून कोपऱ्यात पडू देणारा त्यास अहिंसा म्हणेल. पहिल्याला धनाचा लोभ आहे आणि दुसऱ्याला पुण्याचा. प्राण्याची वेदना दोघांच्याही दृष्टीबाहेर राहते. म्हणून पांजरपोळाच्या चालकाने रोज पाहावे की आपण जनावराला केवळ जिवंत ठेवतो आहोत, की त्याची वेदनाही निवारीत आहोत. आणि मरणाचा निर्णय करणाऱ्याने पाहावे की पशुवैद्याच्या मते सर्व उपाय खुंटले आहेत काय, आणि शेवटच्या क्षणी त्या प्राण्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहण्याची आपली तयारी आहे काय. कैरोतील कार्यात आनंदापेक्षा दुःखच अधिक वाट्याला येणार, हे श्रीमती ब्रुक पहिल्या काही महिन्यांतच जाणून होत्या. तरी त्यांनी ते सोडले नाही. त्यांच्या निर्णयाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांनी त्या दुःखाकडे पाठ फिरविली नाही एवढे निर्विवाद आहे.

मालकाविषयी दृष्टी

दुर्बल घोड्याला गाडीस जुंपणारा माणूस पाहिला की संताप येतो. परंतु कैरोतील बहुतेक मालक स्वतःच अर्धपोटी होते, हे श्रीमती ब्रुक यांनी ओळखले. त्यांनी घोडे हिसकावून घेतले नाहीत. दाम मोजून घेतले. पुढे रुग्णालय काढले तेही त्याच विचाराने. कारण मालकापाशी औषधाला पैसा नसेल, तर एक घोडा सोडविल्यावर त्याच्या जागी दुसरा त्याच दशेस जाणार. लंडनमध्ये ॲन लिंडो या बाईंनी १८८६ साली थकलेल्या घोड्यांसाठी विश्रांतिगृह काढले. तेथे गरीब गाडीवानाचा घोडा विसावा घेत असताना त्याला कामासाठी दुसरा घोडा मिळण्याची सोय होती. घोड्याच्या विश्रांतीमुळे गाडीवानाच्या घरची चूल विझू नये, एवढा विचार त्यात होता.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली शहरातील व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची वाहतूक बेकायदेशीर ठरविली, तेव्हा गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही शासनास सांगितले. बाराव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताची लक्षणे सांगण्यास आरंभ केला, तेव्हा सर्व भूतांविषयी द्वेषाचा अभाव प्रथम सांगितला; मैत्री व करुणा त्यानंतर येतात. घोड्यावर करुणा आणि मालकाचा द्वेष, ही अर्धी साधना झाली.

गृहस्थाचे कर्तव्य

प्रत्येकाला आश्रयस्थान काढता येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु घोड्याच्या श्रमाचा भाग ज्याच्या घरात आला नाही, असा गृहस्थ विरळाच. आपल्या भिंतीतील वीट अनेकदा भट्टीवर घोड्याने किंवा खेचराने वाहिलेली असते. मुलाची वरात घोडीवरून निघते. केदारनाथ, वैष्णोदेवी व अमरनाथ येथे सहस्रावधी यात्रेकरू तट्टांच्या व खेचरांच्या पाठीवरून देवदर्शनास जातात. म्हणून पुढील नियम मनन करून आचरणात आणावेत.

१. यात्रेत तट्टू किंवा खेचर ठरविण्यापूर्वी त्याची पाठ व पाय पाहावेत. खोगिराखाली जखम असेल, तर त्यावर बसू नये. मालकाला दूषण न देता त्याचे कारण सांगावे आणि उपचारासाठी यथाशक्ति मदत करावी.

२. ओझ्याची मर्यादा पाळावी. १९६५ च्या नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलो आणि खेचराच्या पाठीवर २०० किलो यांहून अधिक ओझे लादता येत नाही. पारा ३७ अंशांवर जातो अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराकडून काम घेऊ नये, असाही नियम आहे.

३. विवाहात घोडी आणली, तर काटेरी लगाम लावू देऊ नये, तिच्या कानाशी फटाके व वाद्ये वाजवू नयेत, आणि पंगत बसण्यापूर्वी तिला पाणी व वैरण मिळाली की नाही हे घरातील एका जबाबदार माणसाने स्वतः पाहावे.

४. जवळच्या पांजरपोळाला वा प्राण्यांच्या रुग्णालयाला दान देताना वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. पुण्यतिथीस दिलेल्या रकमेइतकीच, उन्हाळ्यात पाठविलेली गाडीभर वैरण किंवा नालबंदाची दिलेली मजुरी मोलाची आहे.

जयद्रथवधाच्या दिवशी रथ थांबला, म्हणून अर्जुनाची प्रतिज्ञा अपुरी राहिली नाही. सूर्यास्तापूर्वी ती पूर्ण झाली. आपली यात्राही घटकाभर थांबल्याने निष्फळ होणार नाही. पुढच्या वेळी चढावर आपल्या तट्टाला धाप लागलेली दिसली, तर खाली उतरावे, त्याला पाणी पाजण्यास सांगावे आणि त्याचा श्वास शांत होईपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहून नामस्मरण करावे.