चॅप्टर बंद होण्याआधी

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकत असताना मी आमच्या सोरोरिटीची खजिनदार होते. सोरोरिटी म्हणजे विद्यार्थिनींची आजीव सभासदत्वाची संघटना. मुख्यालय देशपातळीवर, आणि एकेका विद्यापीठात तिची शाखा, म्हणजे चॅप्टर. आमचं चॅप्टर मुख्यालयानं बंद केलं. पुढे माजी सभासद म्हणून मी इतर चॅप्टरांना सल्ला देऊ लागले, तेव्हा दिसलं की बंद पडण्याची वाट सगळीकडे जवळपास सारखीच असते. इथे शिकायला येणाऱ्या आणि इथेच वाढलेल्या आपल्या मुलीही सोरोरिटीत जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

चॅप्टर बंद झालं की लोकांना वाटतं, काहीतरी भानगड झाली असणार. दारू किंवा छळावरून होणारी कारवाई वेगळी. धडपडणारं चॅप्टर बहुतेक वेळा संख्येपायी जातं. जुन्या सोरोरिटींची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही 1902 सालची शिखर संस्था. तिच्या पद्धतीत भरतीच्या वेळी प्रत्येक चॅप्टरला किती मुली घेता येतील याचा ‘कोटा’ ठरतो, आणि चॅप्टरच्या एकूण सभासदसंख्येची मर्यादा म्हणजे ‘टोटल’. शेजारची चॅप्टर्स टोटलला टेकलेली आणि आपण निम्म्यावर, असं झालं की मुख्यालयाची पत्रं यायला लागतात.

आणि ही घसरण स्वतःच स्वतःला वाढवते. भरतीच्या संध्याकाळी पाहुण्या मुलींचा जथा चॅप्टरच्या घराच्या, म्हणजे सभासद एकत्र राहतात त्या घराच्या, दारात येतो. भरल्या चॅप्टरमध्ये प्रत्येकीशी बोलायला एक सभासद असते, मध्येच दुसरी येऊन तिची जागा घेते. आमच्याकडे एकेका मुलीला दोघी-तिघींशी एकदम बोलावं लागे. एकीला गावाचं नाव विचारावं, तोवर दुसरी भिंतीवरचे फोटो बघत उभी. मुलींना ते लगेच कळतं. घर रिकामं वाटतं आणि त्या आपल्या पसंतीच्या यादीत आमचं नाव खाली टाकतात. आमच्या मुली कशात कमी होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग पैसा. घराचं कर्ज, विमा, स्वयंपाकीणबाईंचा पगार, हीटिंगचं बिल यातलं काहीही मुली कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. रिकाम्या खाटांचं भाडं उरलेल्यांच्या वर्गणीत वाटलं जातं. वर्गणी वाढली की अजून दोघी सोडून जातात. घर बहुधा माजी सभासदांच्या हाऊस कॉर्पोरेशनच्या ताब्यात असतं, त्यामुळे चॅप्टरच्या हिशेबात खरा तोटा पुरता दिसतही नाही. पदाधिकारी असाल तर हाऊस कॉर्पोरेशनचे हिशेब मागून घ्या, आणि बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. आकडे चौघींपुरते ठेवले तर बाकीच्यांना बातमी थेट मुख्यालयाच्या माणसांकडून कळते, आणि तो विश्वासघात त्या विसरत नाहीत.

मुख्यालय मदत करतं, पण ती मदत कोणत्या रूपात येईल याचा नेम नाही. इंडियानातल्या डिपॉ विद्यापीठात 2006 च्या अखेरीस डेल्टा झीटाच्या मुख्यालयानं चॅप्टर सावरण्यासाठी 35 पैकी 23 जणींना बाहेर पडायला सांगितलं. त्यांत जाड मुली आणि कृष्णवर्णीय, कोरियन, व्हिएतनामी सभासद होत्या अशा बातम्या आल्या. निकष रूपाचा होता हा आरोप मुख्यालयानं नाकारला. 2007 मध्ये विद्यापीठानंच त्या सोरोरिटीशी संबंध तोडले. म्हणून ‘पुनर्रचना’ हा शब्द ऐकलात की निकष काय, ठरवणार कोण, मुदत किती, हे लेखी मागा. टोटलच्या खाली असलेल्या चॅप्टरला मुख्य भरतीनंतरही वर्षभर मुली घेता येतात. तो मार्ग आधी वापरा. सगळं बळ त्या एका भरती-आठवड्यावर लावू नका, आणि एकाच मुलीवर तीन-तीन पदं टाकू नका. ती थकून गेली की तीन कामं एकदम थांबतात.

ह्यूस्टनमध्ये 1998 साली सुरू झालेल्या डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिटींचं गणित निराळं. त्यांच्या चॅप्टर्सना बहुधा मोठं घर सांभाळायचं नसतं. पण सभासद मोजक्या असल्या की एक तुकडी पदवी घेऊन गेली तरी चॅप्टर हलतं. तिथे वरच्या वर्गातल्या मुलींनी धाकट्यांना कामं आधीच सोपवायला हवीत.

पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. चॅप्टर बंद झालं की सभासदांना ‘माजी’ म्हणून दर्जा मिळतो. आणि पॅनहेलेनिक नियमानुसार कॉन्फरन्समधल्या एका सोरोरिटीची दीक्षा झालेली मुलगी कॉन्फरन्समधल्याच दुसऱ्या सोरोरिटीत कधीच जाऊ शकत नाही. तेव्हा दीक्षेच्या आधीच विचारा: टोटल किती, आपण किती, गेल्या भरतीत कोटा भरला का? खोलीचा करार आईबाबांना वाचायला द्या. चॅप्टर वर्षाच्या मध्येच बंद झालं तर भाडं आणि अनामत कोण परत करणार, हे त्यात लिहिलेलं नसेल तर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.