बारा पिले, आणि उरली तीन

इस्लापूरच्या आसपास, पैनगंगेच्या काठापासून आत डोंगरापर्यंत, गाव म्हणा, तांडा म्हणा, गुडा म्हणा, कोंबडी नाही असे अंगण क्वचितच. ही कोंबडी लहान चणीची. अंगावर मांस फार नाही, अंडेही लहान. पण एकदा अंड्यांवर बसली की एकवीस दिवस हलत नाही. बारा अंड्यांतून दहा-बारा पिले सहज काढते. मग अंगणात चिवचिवाट होतो. घरातली पोरेबाळे खूश होतात.

दोन महिन्यांनी मोजायला जावे, तर तीन पिले उरलेली असतात. कधी दोन. कधी एकही नाही.

"गुरुजी, कोंबडी तर चांगली बसते, पण पिलं राहतच नाहीत," असे बाया आम्हाला सांगतात. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते नशीब. आमचे म्हणणे असे की बारा पिलांपैकी नऊ कुठे गेली, याचा हिशेब लागतो. दोन थंडीने गारठली. दोन कावळ्याने आणि घारीने उचलली. एक पाण्याच्या भांड्यात बुडाले. दोन रात्री बोक्याने, नाहीतर मुंगसाने नेली. आणि उरलेल्यांत मानमोडी आली. यातले एकही कोंबडीच्या चुकीने गेले नाही. कोंबडीचे काम ती करते. पुढचे काम आपले.

हा प्रश्न लहान समजू नये. घरातले कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे कुठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. कोंबडीचे पैसे मात्र बहुधा बाईच्या हाती राहतात. पोराची वही, तापाची गोळी, माहेरी जायचे भाडे त्यातूनच निघते. बाजारात कोंबडीचा भाव दर आठवड्याला बदलतो, म्हणून आम्ही रुपये लिहीत नाही. पण तीनऐवजी सात पिले मोठी झाली, तर विकायला चार कोंबड्या जास्त मिळाल्या. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या बाजारभावाने करून पाहावा.

शहरात काही हौशी लोक बँटम नावाच्या अगदी चिमुकल्या कोंबड्या पाळतात. जावा बेटावर बंतम नावाचे बंदर होते, त्यावरून हे नाव पडले. चणीने लहान असूनही त्या अंड्यांवर उत्तम बसतात. आपली गावठी कोंबडी त्याच गुणाची आहे. त्यासाठी बाहेरून काही विकत आणायला नको.

आता कामाला लागू.

कोंबडी खुडूक झाली की घरट्यातून उठत नाही. जवळ गेले की पिसे फुलवते, चोच मारते. अशी कोंबडी लगेच अंड्यांवर बसवू नये. दोन दिवस पाहावे. दोन्ही रात्री ती तिथेच बसून राहिली तर खरी खुडूक. तिच्या पंखाखाली उवा आहेत का पाहावे. असतील तर चुलीतली गार राख पिसांच्या मुळाशी चोळावी. घरट्यात कडुलिंबाचा, नाहीतर सीताफळाचा पाला टाकावा. उवा असल्या की कोंबडी सारखी उठते, आणि अंडी गार पडतात.

अंडी कोणती ठेवावीत? ज्या घरी कोंबडा फिरतो त्या घरची. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिलू निघत नाही, कारण ती अंडी देणाऱ्या कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो. अंडे फार मोठे नको, फार लहान नको, चिरलेले तर नकोच. धुऊ नये. मळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे. आणि प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने ते दिल्याची तारीख लिहावी. शाई नको. तुम्ही अक्षर शिकलात, ते इथे उपयोगी पडते. सात दिवसांपेक्षा जुने अंडे उबवायला ठेवू नये. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुने नको. उन्हाळा आपल्याकडे चाळिशीच्या वर जातो. अशा उष्म्यात अंडे कोंबडीविनाच अर्धवट उबते आणि सडते. तेव्हा ते गार जागी ठेवावे. पसरट टोपलीत ओली वाळू घालावी, वाळूत मडके रोवावे, मडक्यात थोडे भुसकट घालून त्यावर अंडी ठेवावीत आणि तोंडाला ओले फडके बांधावे. तरी आमचे मत विचाराल तर चैत्र-वैशाखात कोंबडी बसवूच नये. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

टोपलीत खाली थोडी माती किंवा राख, वर तणस. मधे जरा खोलगट करावे, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. मध्यम कोंबडीखाली दहा-बारा अंडी, अगदी लहान चणीची असेल तर सात-आठ. पोटाखाली मावतील तेवढीच. लोभाने पंधरा ठेवली तर आळीपाळीने सगळीच गार होतात. कोंबडी रात्री बसवावी, अंधारात ती बिथरत नाही. वीज कडाडली की अंडी नासतात, म्हणून काही घरांत टोपलीत लोखंडाचा खिळा नाहीतर कोळसा ठेवतात. ठेवला तर नुकसान नाही. पण अंडी नासतात ती उष्म्याने, ओलीने आणि कोंबडी वरचेवर उठवल्याने.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. समजा १० डिसेंबरच्या रात्री कोंबडी बसवली. मग १७ तारखेला अंडी पाहायची, २८ पासून हात लावायचा नाही, आणि ३१ ला पिले. सगळे मिळून २१ दिवस. चणीने फार लहान कोंबडी असेल तर एखादा दिवस आधीही निघतात.

सतराव्या तारखेच्या रात्री काळोखात मोबाईलची बत्ती अंड्याच्या जाड टोकाशी धरावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिलू वाढते आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर त्यात जीव नाही. ते काढून घ्यावे, बाकीच्यांना ऊब जास्त मिळते. शिरांऐवजी लाल कडे दिसले तर आतला जीव मेला. ते अंडे घराबाहेर पुरावे, नाहीतर फुटून सगळे घरटे घाण करते.

रोज एकदा कोंबडी स्वतः उठते. दाणे खाते, पाणी पिते, शीट टाकून परत बसते. पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्याने अंडी गार होत नाहीत. दाणा-पाणी जवळच ठेवावे, म्हणजे तिला लांब भटकावे लागत नाही. शेवटचे तीन दिवस कुणीही टोपलीशी जाऊ नये. पोरांना आधीच सांगून ठेवावे. कवचाला भोक पडले तरी पिलू ओढून काढू नये. चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्याने ते आपले कवच आपणच फोडते. त्याला काही तास लागतात. घाईने कवच सोलले तर रक्त येते आणि पिलू दगावते.

पिलू निघाले की त्याच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते दोन दिवस काढू शकते. म्हणूनच एक दिवसाची पिले खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवता येतात. तेव्हा पहिल्या दिवशी खायला घालण्याची घाई नको. आधी कोमट पाणी, त्यात चिमूटभर गूळ. पाणी उथळ बशीत द्यावे आणि बशीत चार खडे टाकावेत. आमच्या मते हे चार खडे फार मोलाचे आहेत. खडे असले की पिलू बुडत नाही, भिजत नाही. भिजलेले पिलू थंडीत रात्र काढत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची किंवा तांदळाची बारीक कणी. पण नुसत्या कणीवर पिलाची हाडे-पिसे भरत नाहीत. त्यात शेंगदाण्याची पेंड कुटून मिसळावी. सोयाबीन घरचे असेल तर ते चांगले भाजून मगच भरडावे, कच्चे पचत नाही. आणि फुकटचा उत्तम खुराक म्हणजे वाळवी. मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ पालथे घालावे. दुसऱ्या दिवशी उचलले की आत वाळवी भरलेली असते. पिले ती कशी तुटून पडून खातात ते पाहण्यासारखे असते!

ऊब आई देते. पण कोंबडी एक आणि पिले पंधरा झाली, किंवा आईच मेली, तर ऊब आपण द्यायची. तट्टीचा गोल कठडा करावा. कोपरा ठेवू नये, कारण कोपऱ्यात पिले एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. वर दिवा टांगावा. वीस-पंचवीस पिलांना साठ वॅटचा जुना पिवळा काचेचा दिवा पुरतो. हल्लीचा पांढरा एल. ई. डी. दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. तो लावून काही उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात पिलांजवळ पस्तीस अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. थर्मामीटर नसेल तर पिलांकडे पाहा. दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजते, दिवा खाली घ्या. चोच उघडी टाकून लांब पळाली असतील तर फार तापले, दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून निजली असतील तर बरोबर आहे. वीज गेली तर कठड्यावर पोते टाकावे, वाऱ्याला थोडी जागा सोडून. बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नका. तिच्या धुराने पिलेच काय, माणसेही मेलेली आहेत.

पहिले महिनाभर पिले आईसकट दिवसा डालग्याखाली ठेवावीत. जागा रोज बदलावी. घार फिरते ती वरून आणि बोका येतो तो खालून, डालगे दोन्हींना आडवे येते. त्यावर एक धोंडा ठेवायला मात्र विसरू नये.

आता खुराडे. बहुतेक घरांत कोंबड्या रात्री घरातच, पाटीखाली, नाहीतर चुलीशेजारी कोंडतात. तिथे वारा नाही, शिटेचा उग्र वास, आणि शेजारी लेकरे निजलेली. हे बदलले पाहिजे. खुराड्याला फार खर्च लागत नाही. बांबू आपल्याकडे मिळतो. लांबी चार फूट, रुंदी अडीच फूट, उंची दोन फूट. एवढ्यात आठ-दहा लहान कोंबड्या रात्री सुखाने बसतात, म्हणजे एकीला सुमारे एक चौरस फूट. हे खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, चार खांबांवर ठेवावे. तळाला बांबूच्या कामट्या बोटभर अंतराने ठोकाव्यात, शीट खाली पडते आणि कोंबड्या कोरड्या राहतात. लहान पिलांचे पाय त्या फटीत अडकतात, म्हणून त्यांच्या भागात पोते अंथरावे. खांबांना हातभर उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. उंदीर आणि मुंगूस त्यावरून घसरतात. जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा चालतो. बाजूंना बारीक जाळी लावावी. ज्या भोकातून बोट सहज जाते त्यातून साप आणि मुंगसाचे पिलूही जाते. दार पूर्वेला असावे, सकाळचे ऊन आत येते. छप्पर गवताचे, पण पुढे हातभर आलेले, म्हणजे पावसाची झड आत जात नाही. आत एक आडवी काठी बसायला. खाली पडलेली शीट आठवड्याला गोळा करून उकिरड्यात टाकावी. पिकाला ती उत्तम खत आहे.

हे सगळे केले तरी एक शत्रू जाळीतून आत येतो. तो म्हणजे मानमोडी. डॉक्टर तिला रानीखेत म्हणतात. रानीखेत हे हिमालयातले गाव, तिथे हा रोग ओळखला गेला म्हणून ते नाव. कोंबडी धापा टाकते, हिरवट हगते, मान वाकडी करते. दोन-चार दिवसांत अख्खी गल्ली साफ होते. रोग आल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पहिली लस सातव्या दिवसाच्या आसपास, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. तीच पुन्हा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास. पुढे आठव्या आठवड्यात टोचायची लस. कोंबड्यांना देवीही येतात, त्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

रोग दिसला की काही लोक घाईने कोंबड्या बाजारात नेऊन विकतात. याला आम्ही शेजाऱ्याच्या घरी आग नेऊन टाकणे म्हणतो. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, ओढ्यात फेकू नये. आणि एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी. अशा वेळी लपवाछपवी माणसाच्याही जिवावर येते.

आता अडचण कुठे येते ती सांगतो. लसीची कुपी शंभर-दोनशे पिलांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिलांसाठी ती कोण आणणार? म्हणून हे एका घराने होत नाही. दहा घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात. मग पिलेही एकाच आठवड्यात निघतात, आणि एक कुपी सगळ्यांना पुरते. एका घरी पिले फार झाली तर रात्री दुसरीच्या कोंबडीखाली सरकवता येतात, अंधारात तिला कळत नाही. कुणाला हैदराबादच्या सरकारी संस्थेत तयार झालेल्या वनराजा जातीची अंडी मिळाली, तर तीही आपल्या गावठी कोंबडीखाली उबतात. वनराजा स्वतः सहसा खुडूक होत नाही. (हैदराबाद आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच होता.)

लस आणायला एकाने जावे. सोबत थर्मास आणि बर्फ न्यावा, आणि जाण्याआधी वहीच्या पानावर अशी यादी करावी. पहिल्या रकान्यात घरमालकिणीचे नाव. दुसऱ्यात पिले किती. तिसऱ्यात पिले निघाल्याची तारीख. चौथा रकाना रिकामा सोडावा. थेंब दिल्यावर ज्या बाईची पिले, तिने स्वतःच्या हाताने त्यात सही करावी आणि पुढच्या लसीची तारीख लिहावी. पिले ३१ डिसेंबरला निघाली असतील तर पहिला थेंब ७ जानेवारीला आणि दुसरा २८ जानेवारीला. टोचायची लस फेब्रुवारीच्या अखेरीस.