प्रश्नोत्तराचा तास

मृग नक्षत्र जवळ आले, की जाणता शेतकरी घरच्या बियाण्याची परीक्षा घेतो. तो पोत्यातून निवड न करता शंभर दाणे काढतो, ते भिजवलेल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनी मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि अधूनमधून त्यावर पाणी शिंपडतो. सहा-सात दिवसांनी गोणपाट उलगडून तो मोड आलेले दाणे मोजतो. ऐंशी-नव्वद दाण्यांना मोड आले, तर बियाणे निश्चिंतपणे पेरावे. चाळीस-पन्नासच उगवले, तर वेळीच दुसरे शोधावे. या परीक्षेत राग नसतो आणि आकसही नसतो. खरे काय आहे, ते पेरणीपूर्वी कळावे, एवढीच शेतकऱ्याची इच्छा असते. कारण पेरलेले उगवले नाही, तर केवळ बियाण्याचे पैसे जात नाहीत. पाऊस निघून जातो आणि त्याबरोबर सबंध वर्ष निघून जाते.

मुलांनो, हेच बियाणे परदेशातून आले असेल तर? ते कोणत्या देशात पिकले, बोटीत किती दिवस होते, बंदरावर ते कोणी तपासले, त्यासोबत एखादा रोग किंवा तण तर आले नाही ना, हे खेड्यातील शेतकऱ्याने कोणाला विचारावे? त्याचे गोणपाट बंदरापर्यंत पोहोचत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र पोहोचू शकतो. त्याने मत देऊन निवडून पाठविलेला लोकप्रतिनिधी तो प्रश्न सभागृहात विचारतो, आणि मंत्र्यांना उभे राहून त्याचे उत्तर द्यावे लागते. ज्या वेळात हे घडते, त्याला ‘प्रश्नोत्तराचा तास’ असे म्हणतात.

आपल्या राज्यघटनेप्रमाणे केंद्राचे मंत्रिमंडळ लोकसभेला आणि राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. जबाबदार असणे म्हणजे जाब देण्यास बांधलेले असणे. हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. इंग्रजांच्या राज्यात कायदे मंडळातील सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची परवानगी १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाली. परंतु उत्तर कितीही गुळमुळीत असले, तरी त्यावर पुन्हा प्रश्न विचारता येत नसे. तसा उपप्रश्न विचारण्याची सवलत १९०९ च्या सुधारणांनी दिली, आणि तीही केवळ मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला. स्वतंत्र भारतात मात्र सभागृहाच्या कामकाजात प्रश्नोत्तरांना मानाचे स्थान मिळाले. २०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाच्या साथीमुळे, संसदेच्या अधिवेशनात हा तास घेण्यात आला नाही. केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. तेव्हा अनेक सभासदांनी त्याला हरकत घेतली. एक तास गेल्याने काय बिघडते, असे कोणास वाटेल. पण त्या एका तासात काय काय घडू शकते, ते पाहण्यासाठी आपण एका जुन्या घटनेकडे वळू.

१९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे भारतात दुष्काळाची होती. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. त्या काळी चिदंबरम सुब्रमण्यम हे केंद्राचे अन्न व कृषिमंत्री होते. मेक्सिको देशात डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाच्या बुटक्या जाती तयार केल्या होत्या. आपल्याकडील उंच गव्हाला भरपूर खत दिले, तर ओंबीच्या भाराने तो जमिनीवर लोळत असे. बुटका गहू ताठ उभा राही आणि अधिक दाणे देई. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातींची चाचणी घेतली होती. तेव्हा सरकारने १९६५ साली २५० टन, आणि पुढच्या वर्षी तब्बल १८,००० टन बियाणे मेक्सिकोहून आणविले.

या निर्णयावर संसदेत आणि संसदेबाहेर कडाडून टीका झाली. देशाजवळ परकीय चलन तुटपुंजे असताना एवढा खर्च का? या गव्हाला खत आणि पाणी अधिक लागते. मग लहान शेतकऱ्याच्या पदरी काय पडणार? त्याचा दाणा तांबूस आहे. त्याची पोळी लोकांना रुचेल का? नव्या बियाण्याबरोबर नवे रोग तर येणार नाहीत ना?

ही शेवटची शंका निराधार नव्हती. आज रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात सर्वत्र माजलेले गाजर गवत तुम्ही पाहिले असेल. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. या परदेशी तणाची नोंद आपल्या पुणे शहरात १९५५ च्या सुमारास झाली, आणि ते आयात केलेल्या धान्याबरोबर आले असावे, असे मानले जाते. पाहुणा म्हणून आलेले तण घरमालक होऊन बसले. म्हणूनच परदेशी बियाण्याला रोगमुक्ततेचा दाखला असावा आणि ते बंदरावर तपासूनच आत घ्यावे, असे नियम आहेत. नियम पाळले जातात किंवा नाही, हे विचारणारा कोणीतरी असला पाहिजे.

बियाण्याच्या गुणाबद्दलची काळजीही व्यर्थ नव्हती. १९६५ साली आलेले बियाणे शेतात पेरल्यावर अपेक्षेपेक्षा बरेच कमी उगवू लागले. कीड लागू नये म्हणून मेक्सिकोतील गोदामात त्याला औषधाची धुरी देण्यात आली होती. ती प्रमाणाबाहेर झाली, आणि दाण्यांतील उगवणशक्ती घटली. ही गोष्ट वेळीच ध्यानात आली, म्हणून बियाण्याचे आणि खताचे प्रमाण वाढविण्यात आले आणि पीक हाती लागले.

सुब्रमण्यम यांनी टीकेला कसे उत्तर दिले? त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांना देशाचे वैरी ठरविले नाही. शास्त्रज्ञांकडून शेतकऱ्यांच्याच रानात प्रात्यक्षिके करविली. दिल्लीतील आपल्या बंगल्यापुढची हिरवळ नांगरून त्यांनी तेथेही हा नवा गहू पेरला. १९६४-६५ साली देशात सुमारे १२३ लाख टन गहू पिकला होता. १९६७-६८ साली तो सुमारे १६५ लाख टनांवर गेला. तांबूस दाण्याची तक्रारही वाया गेली नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या वाणांपासून निवड करून ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ हे पिवळसर, पोळीला योग्य अशा दाण्यांचे गहू सिद्ध केले.

मग प्रश्न विचारणारे चुकले होते काय? आयात करूच नये, हे त्यांच्यापैकी काहींचे मत पुढे टिकले नाही, हे खरे. परंतु मत चुकले, म्हणून प्रश्न चुकला असे होत नाही. लहान शेतकऱ्याचे काय, आणि खतापाण्याचा वाढता खर्च कोण सोसणार, हे प्रश्न पुढेही जिवंत राहिले. पंजाबातील विहिरींचे पाणी खोल गेले, तेव्हा ते अधिकच टोकदार झाले. चांगल्या निर्णयाला प्रश्नाची भीती नसते. शंभर दाण्यांच्या परीक्षेत उतरलेले बियाणे जसे शेतकरी निःशंकपणे पेरतो, तसा प्रश्नांच्या परीक्षेत उतरलेला निर्णय लोक विश्वासाने स्वीकारतात.

आता प्रश्न कसा विचारतात, ते पाहू. ज्या प्रश्नावर तारकेची खूण असते, तो ‘तारांकित’ प्रश्न. त्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ‘अतारांकित’ प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी ‘अल्पसूचना’ प्रश्न असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात. प्रश्नाला नियमांची शिस्तही असते. तो आटोपशीर असावा. त्यात युक्तिवाद, उपरोध किंवा कोणाची निंदानालस्ती नसावी. त्यात एखादे विधान असेल, तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्या सभासदाने घ्यावी. थोडक्यात, प्रश्नाचा रोख माहितीवर असावा, माणसावर नसावा.

समजा, एखाद्या तालुक्यात आयात केलेले भाजीपाल्याचे बियाणे उगवलेच नाही. तेथील आमदार पुढीलप्रमाणे प्रश्न विचारतील :

“सन्माननीय कृषिमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—
(१) सदर तालुक्यात आयात केलेले बियाणे न उगवल्याच्या तक्रारी आल्या आहेत, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, विक्रीपूर्वी या बियाण्याची उगवणशक्ती कोणी व केव्हा तपासली;
(३) किती शेतकऱ्यांचे नुकसान झाले, व त्यांना भरपाई मिळण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?”

यावर “(१) अंशतः खरे आहे. (२) व (३) तपासणी चालू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.” असेही उत्तर येऊ शकते! अशा वेळी उपप्रश्नाचे मोल कळते. सभासद शांतपणे विचारतो, “तपासणी कोणत्या तारखेस पूर्ण होईल ?” मंत्री म्हणतात, “या महिनाअखेर पूर्ण करू.” एवढ्या एका वाक्याने मंत्री वचनात बांधले जातात. सभागृहात दिलेली अशी आश्वासने पाळली गेली की नाहीत, हे पाहण्यासाठी ‘आश्वासन समिती’ असते. लोकसभेत ती १९५३ पासून काम करीत आहे. मंत्र्यांनी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर तो सभागृहाचा हक्कभंग ठरू शकतो.

याहूनही एक मोठा लाभ सभागृहाबाहेर, कोणाच्या डोळ्यांवर न येता होतो. प्रश्न स्वीकारला गेला, की मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला विचारणा जाते. धूळ खात पडलेली फाइल उघडली जाते. अधिकारी शेतावर जातात, पंचनामा होतो. कित्येकदा उत्तराचा दिवस उजाडण्यापूर्वीच अडलेले काम मार्गी लागते.

बियाण्याला जे लागू, तेच सार्वजनिक सेवांनाही लागू. “आमचा दवाखाना वाईट का आहे ?” असे विचारले, तर “तो चांगला आहे,” असे उत्तर देता येते. पण “या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांची किती पदे मंजूर आहेत, त्यांपैकी किती रिक्त आहेत, केव्हापासून, आणि ती केव्हा भरणार ?” या प्रश्नाला बगल देणे कठीण. एस.टी.ची बंद पडलेली फेरी, नळाला न येणारे पाणी, गळणारे शाळेचे छप्पर या साऱ्यांविषयी असेच विचारता येते. संताप क्षणभर टिकतो. आकडा, तारीख आणि ठिकाण टिकून राहतात.

हा अधिकार केवळ आमदार-खासदारांचाच आहे, असे मात्र समजू नका. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदार प्रश्न विचारू शकतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार कोणीही नागरिक सरकारी कचेरीकडे माहिती मागू शकतो, आणि सामान्यतः तीस दिवसांच्या आत ती त्याला मिळाली पाहिजे. तुम्ही अजून मतदार नाही. परंतु नेमका, सभ्य आणि निर्भय प्रश्न विचारण्याचा सराव वर्गातच सुरू होतो.

माझ्या शिक्षकपणाच्या काळात एक मुलगी मला म्हणाली होती, “गुरुजी, शाळेच्या टाकीचे पाणी खराब आहे, असे सगळे म्हणतात, पण ती शेवटची केव्हा धुतली?” मला उत्तर देता आले नाही. त्याच शनिवारी टाकी धुतली गेली, आणि त्यानंतर टाकीवर तारीख लिहिण्याची पद्धत पडली. ती मुलगी उद्धट नव्हती. तिने ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडले होते, इतकेच.

शब्दार्थ

उगवणशक्ती – बियाण्याची रुजून येण्याची क्षमता. आकस – मनातील वैरभाव. तुटपुंजे – अपुरे. उपप्रश्न – मूळ प्रश्नाच्या उत्तरावर विचारलेला पुढचा प्रश्न. उद्भवणे – निर्माण होणे. बगल देणे – उत्तर देण्याचे टाळणे.

स्वाध्याय

१. शेतकरी घरच्या बियाण्याची परीक्षा कशी घेतो ?
२. १९६५ साली आलेले गव्हाचे बियाणे कमी का उगवले ? त्यावर कोणता उपाय करण्यात आला ?
३. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतील फरक सांगा.
४. ‘मत चुकले, म्हणून प्रश्न चुकला असे होत नाही.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. पुढील प्रश्न नेमका होईल अशा रीतीने पुन्हा लिहा : ‘आमच्या गावाला एस.टी. वेळेवर का येत नाही ?’
६. वर्गात ‘प्रश्नोत्तराचा तास’ भरवा. एकाने अध्यक्ष व्हावे, काहींनी मंत्री व्हावे, व इतरांनी शाळेतील पाणी, वाचनालय व मैदान यांविषयी प्रश्न विचारावेत. दिलेली आश्वासने फळ्यावर लिहून ठेवा आणि महिन्याने ती पडताळून पाहा.